पोट बिघडते तेव्हा आत काय घडते? : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

श्रावणातले उपास आणि पावसाळी पाणी यांची गाठ पडली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पोटाच्या तक्रारींची भर पडते, आणि यंदाही तसेच झाले आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात काय खाल्ले याची तपशीलवार यादी असते. पण त्रास जेवणानंतर किती वेळाने सुरू होतो, उभे असताना होतो की आडवे झाल्यावर, कशाने थांबतो, हे क्वचितच लिहिलेले असते. तक्रार कोणत्या अवयवाची आहे हे बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या माहितीवरूनच कळते. म्हणून ज्या पत्रांत ती माहिती होती, ती येथे निवडली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. गेली तीन वर्षे रात्री अंथरुणावर पडले की छातीत जळजळते आणि घशाशी आंबट पाणी येते. जळजळ सुरू झाली की ॲसिडिटीची कॅप्सूल घेते, पण हल्ली तिचा गुण येत नाही, आणि चार दिवस बंद केली तर त्रास दुप्पट होतो. तिखट केव्हाच सोडले आहे. गार दूध प्यायल्यावर थोडा वेळ बरे वाटते. आमच्याकडे दुकान बंद झाल्यावर, म्हणजे साडेदहाला जेवणे होतात.
– गृहिणी, मिरज

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. जठरात आम्ल असणे हा आजार नव्हे. निरोगी माणसाच्या जठरातही दिवसाला दीड-दोन लिटर पाचकरस तयार होतो आणि त्याची आम्लता इतकी तीव्र असते की अन्नासोबत गेलेले बरेचसे जंतू तेथेच मरतात. जठराच्या आतल्या भिंतीवर जाड, चिकट अस्तर असल्यामुळे तिला हे आम्ल सोसते. अन्ननलिकेला असे अस्तर नाही. अन्ननलिका आणि जठर जेथे जुळतात तेथे स्नायूंचे एक कडे असते, ते पिशवीच्या नाडीप्रमाणे तोंड आवळून धरते आणि घास उतरताना तेवढ्यापुरते सैल होते. जठर भरून ताणले गेले की हे कडे घास नसतानाही अधूनमधून सैल पडते. ढेकर येते ती याच वाटेने. माणूस उभा किंवा बसलेला असेल तर हवा वर येते आणि आम्ल खाली राहते. पण साडेदहाला जेवून अकराला आडवे झाल्यावर जठरातला द्रव थेट त्या कड्याशी येऊन टेकतो आणि ते सैल होताच वर चढतो. म्हणजे आपल्या बाबतीत आम्ल जास्त झाले आहे असे नाही, ते चुकीच्या जागी पोहोचते आहे. तिखटाने आधीच सोललेल्या अन्ननलिकेची आग वाढते हे खरे. मात्र तळलेले आणि तेलकट अन्न जठरात अधिक काळ रेंगाळते, तेव्हा मिरचीइतकाच दोष रात्रीच्या भज्यांनाही द्यायला हवा.

गार दुधाने आम्ल काही काळ सौम्य होते, पण दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात, त्यामुळे तो आराम टिकत नाही. कॅप्सूलचे गणित वेगळे आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीची औषधे जठराच्या पेशींतील आम्ल बाहेर टाकणारे पंप बंद करतात, आणि तेही त्या वेळी चालू असलेलेच पंप. अन्न पोटात पडले की बहुतेक पंप सुरू होतात. म्हणून हे औषध रक्तात आधीपासून हजर असावे लागते, यासाठी ते जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायचे असते. जळजळ सुरू झाल्यावर घेतल्यास त्या रात्री त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्या वेळी आम्ल शमवणारे पातळ औषध लवकर काम करते. दीर्घकाळ पंप बंद ठेवल्यावर शरीर आम्लनिर्मितीचा हुकूम देणारे संप्रेरक वाढवून ठेवते, आणि कॅप्सूल एकदम थांबवली की काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल सुटते. आपण अनुभवता तो दुप्पट त्रास हाच असावा. तेव्हा मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. तीन वर्षे हे औषध चालू असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची पातळीही एकदा पाहून घ्यावी.

जेवण आणि झोप यांत निदान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवा. दुकानामुळे ते जमत नसेल तर सायंकाळी सात वाजता मुख्य जेवण आणि रात्री अगदी थोडे खाणे, अशी अदलाबदल करून पाहा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे द्यावेत. उशांची चळत उपयोगी नाही, कारण तिने कंबरेत वाकून पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहते. घास अडकणे, वजन उतरणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच, यांपैकी काहीही असल्यास हे सारे बाजूला ठेवून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. खरे तर तीन वर्षांच्या त्रासानंतर आपण ती एकदा करून घ्यावीच, असे माझे मत आहे.

प्रश्न : मला महिन्यातून तीन-चार वेळा पित्त होते. उपास घडला, उन्हात फिरणे झाले किंवा जागरण झाले की डोक्याची एक बाजू ठणकू लागते, उजेड नकोसा होतो, मळमळते. घशात बोटे घालून हिरवट कडू पित्त पाडले की डोके उतरते. आई म्हणते, आमच्या घराण्यातच पित्तप्रकृती आहे. पित्त कायमचे जाण्यासाठी काय करावे?
– शिक्षिका, वय ३४, जालना

उत्तर : आपण जे वर्णन केले आहे ते जवळजवळ पाठ्यपुस्तकातील अर्धशिशीचे वर्णन आहे, आणि घराण्यात चालत येणे हाही त्याच आजाराचा गुण आहे. महाराष्ट्रात अर्धशिशीचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या खात राहतात, कारण उलटी समोर दिसते आणि डोक्यातली घडामोड दिसत नाही. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. अर्धशिशीचा झटका मेंदूत सुरू होतो. मळमळ आणि उलटी यांचे नियंत्रण करणारी केंद्रे मेंदूच्या देठात असतात, तीही त्या झटक्यात ओढली जातात, आणि तेथून आलेल्या हुकुमामुळे जठराची हालचाल मंदावते. सकाळचा चहा दुपारी उलटून पडतो तो यामुळे.

हिरवट कडू द्रव म्हणजे यकृतात तयार होणारे पित्त होय. ते रोज अर्धा ते एक लिटर तयार होते आणि लहान आतड्याच्या आरंभी स्निग्ध पदार्थ पचवण्यासाठी सोडले जाते. रिकाम्या पोटी वारंवार ओकाऱ्या काढल्या की आतड्यातला तो द्रव मागे जठरात ढकलला जातो आणि बाहेर येतो. कोणीही निरोगी माणसाने उपाशीपोटी असे केले तरी तोच रंग दिसेल. तेव्हा ते साठलेले विष होते आणि पडल्यामुळे डोके उतरले, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलटीनंतर अर्धशिशी ओसरते हा पुष्कळांचा अनुभव आहे, तो खोटा नाही. परंतु बोटे घालून उलटी काढण्याची सवय लागली की आम्लाने दातांवरचे कवच झिजते आणि अन्ननलिकेला इजा होते.

जठर मंदावलेले असल्यामुळे उशिरा घेतलेली वेदनाशामक गोळी पुढे सरकतच नाही. ती ठणका सुरू होताच घ्यावी लागते. महिन्यातून दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या घेण्याची वेळ आली तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहते, शिवाय रिकाम्या पोटी त्यांतील अनेक औषधे जठराच्या अस्तराला जखम करतात, आणि मग खरोखरीचा पोटाचा आजार मागे लागतो. आपल्याला महिन्यातून तीन-चार झटके येतात, तेव्हा झटकेच टाळणारी औषधे आहेत, त्यांबद्दल फिजिशियनशी बोलावे. जेवण चुकवू नये; चतुर्थीचा उपास सोसत नसेल तर तो सोडण्यात कमीपणा मानू नये. आजवर कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी अचानक झाली, सोबत ताप व मान ताठणे असेल किंवा हातापायांतील शक्ती गेली, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे. मटकीची उसळ, वाल किंवा हरभरा खाल्ला की दुपारनंतर पोट फुगते आणि गॅस होतो. बायपास पद्धतीने पचन सुधारणाऱ्या एका चूर्णाची जाहिरात पाहिली, ते घ्यावे का? दुसरे असे की, महिनाभर रेल्वेचा जिना चढताना गॅस छातीत चढतो, छाती भरून येते. दोन मिनिटे थांबून ढेकर दिली की मोकळे वाटते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चालताना किंवा चढताना छाती भरून येणे आणि थांबल्यावर मोकळे होणे हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते, आणि मधुमेह्यात ते तसेच आहे असे धरून चालावे लागते. गॅसला जिना कळत नाही. तो बसल्या जागीही तितकाच होतो. हृदयाची खालची बाजू श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यावर, टेकलेली असते, पलीकडे जठर असते, आणि या दोन्ही अवयवांकडून येणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच टप्प्यावर शिरतात. त्यामुळे मेंदूला वेदना नेमकी कोठून आली हे ठरवता येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातही मळमळ, घाम आणि ढेकरा येतात. ढेकर दिल्यावर बरे वाटले, असे आपण लिहिले आहे. पण ढेकर देण्यासाठी आपण थांबलातही. हा अंक हाती पडताच फिजिशियनकडे जाऊन ईसीजी आणि त्यांनी सांगितलेल्या पुढच्या तपासण्या करून घ्या. बसल्या बसल्या असा त्रास झाला आणि तो दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, तर चूर्ण किंवा सोडा घेत बसू नका, लगेच रुग्णालयात जा.

आता उसळीविषयी. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या नावाच्या शर्करा असतात. त्या तोडण्यासाठी लागणारा पाचकद्रव माणसाच्या लहान आतड्यात नाहीच. म्हणून त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील जिवाणू त्या आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही लोकांत मिथेन तयार होतो. अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे दुपारी जेवल्यावर सायंकाळी पोट फुगते. जेवताक्षणी येणाऱ्या ढेकरा निराळ्या. ती बहुतेक घाईघाईने जेवताना, बोलताना किंवा सोड्यासोबत गिळलेली हवा असते, आणि मुद्दाम ढेकर काढण्याच्या खटपटीत माणूस आणखी हवा गिळतो. दिवसातून दहा ते वीस वेळा वायू सरणे ही सामान्य गोष्ट आहे. दुर्गंधी येते ती गंधकयुक्त वायूंमुळे, त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. मुळा, कोबी, अंडी यांनी ते वाढते.

आपल्याकडे मटकी रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, फडक्यात बांधून मोड आणण्याची जी रीत आहे, तिच्यात या शर्करांचा बराच भाग पाण्यात उतरतो आणि उरलेल्यातला काही मोड येताना दाणाच वापरून टाकतो. हरभऱ्याला ही सवलत घाईत मिळत नाही, म्हणून तो जास्त बाधतो. कडधान्ये सोडू नका. मधुमेहात ती उपयोगी आहेत. वाटीऐवजी अर्धी वाटी खा, काही आठवड्यांत आतड्यातील जिवाणूंचा मेळ बदलतो आणि फुगणे कमी होते. जाहिरातीतल्या चूर्णाविषयी एवढेच सांगतो की पचनाला बायपास नसतो.

प्रश्न : वर्गात शांतता असली की माझ्या पोटातून गुडगुड आवाज येतो, मैत्रिणी हसतात. हा आजार आहे का?
– विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : नाही. पोट रिकामे असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते आणि मागे राहिलेले अन्नकण, जिवाणू पुढे लोटते. आत हवा आणि द्रव दोन्ही असल्याने आवाज होतो. भरल्या पोटी तो अन्नामुळे दबतो. पोटात कावळे ओरडणे म्हणतात ते हेच. पहिल्या तासिकेपूर्वी पोळीभाजी खाऊन गेलात तर ही लाट सुरूच होणार नाही. आवाजासोबत कळा, जुलाब किंवा पोट फुगणे असेल तरच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या नातवाला दोन दिवस पाण्यासारखे जुलाब होत आहेत. पाणी पाजले की लगेच होते, म्हणून मी पाणी कमी केले आणि दूध बंद केले. सून म्हणते ओआरएस द्यायचे. ते दिले तरी जुलाब थांबले नाहीत. मग त्याचा उपयोग काय?
– एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, प्रथम सूनबाईंचे ऐका आणि मग पुढचे वाचा. बाळाचे डोळे खोल गेले असतील, सहा तासांत लघवी झाली नसेल, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसत असेल, ते मलूल होऊन पीत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर आत्ताच दवाखान्यात न्या.

पाणी पाजताच शौचाला होते हे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण प्यायलेले पाणी इतक्या लवकर खाली पोहोचत नाही. पोटात काही पडले की मोठ्या आतड्याला आकुंचनाचा इशारा जातो. मोठ्या माणसालाही सकाळचा चहा घेताच जावेसे वाटते, त्याचे कारण हेच. बाहेर पडले ते आधीच साठलेले होते. ते पाणी आले कोठून, हे कळले की उपचारही कळतो. मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला दोन लिटरच्या आसपास खाण्यापिण्याचा, बाकी लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यांचे स्वतःचे स्राव. हा जवळजवळ सगळा पुन्हा शोषला जातो आणि शौचातून शंभर-दोनशे मिलिलिटरच जातो. शोषण थोडे जरी घटले किंवा स्राव थोडे जरी वाढले, तरी लिटरभर पाणी वाया जाते. रोटा विषाणू आतड्याच्या केसाळ अस्तराचे शेंडे झडवतो, म्हणून शोषण घटते. पटकीच्या (कॉलराच्या) जंतूंचे विष अस्तराच्या पेशींना क्षार बाहेर टाकायला लावते आणि क्षारामागून पाणी वाहते. त्यात आतड्याला जखमही होत नाही, तरी माणूस काही तासांत कोरडा पडू शकतो.

अशा आतड्याला नुसते पाणी नीट शोषता येत नाही, आणि नुसते मीठही नाही. परंतु ग्लुकोज आणि सोडियम हे दोन्ही एकत्र असतील तर पेशीवरचे एक वाहक प्रथिन त्यांची जोडी आत घेते आणि पाणी मागोमाग जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. जुलाबात हा एक दरवाजा बहुतेक वेळा शाबूत राहतो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

म्हणून ओआरएसने जुलाब थांबले नाहीत याचा अर्थ ते निरुपयोगी ठरले असा नाही. ते जुलाब थांबवत नाही, गेलेले भरून काढते. जुलाब आपोआप काही दिवसांत थांबतात, तोवर बाळाला कोरडे पडू द्यायचे नाही. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान दोनशे मिलिलिटरसाठी. छापले असेल तेवढेच पाणी घ्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये, कारण दाट द्रव उलट आतड्यात पाणी ओढून आणतो. गोड फळपेयांनी जुलाब वाढतात तेही याच कारणाने. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालते. दोन वर्षांखालील मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्या. आईचे दूध बंद करू नका. मऊ भात, मुगाचे वरण, केळे चालू ठेवा. उपाशी आतड्याचे अस्तर उशिरा भरून येते. झिंक १४ दिवस द्यायचे असते, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही.

प्रश्न : वय ७१. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन कमी आले म्हणून लोहाच्या आणि हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून शौचाला खडा होतो, तीन-तीन दिवस होत नाही, आणि रंग काळा दिसतो. रात्री अर्धा कप पाण्यात इसबगोल घेतो. अधूनमधून सोनामुखीचे चूर्णही घेतो. कमोडवर बसतो, पण पूर्ण मोकळे वाटत नाही.
– सेवानिवृत्त कारकून, सातारा

उत्तर : दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत शौचाला होणे ही सामान्य मर्यादा आहे, त्यामुळे केवळ दिवस मोजू नयेत, खडा होणे आणि पूर्ण न होणे ही मात्र खरी तक्रार आहे. लोह आणि कॅल्शियम दोन्हींनी मलावरोध होतो. रक्तदाबाची किंवा कोडीनयुक्त खोकल्याची औषधे चालू असतील तर तीही डॉक्टरांना दाखवा. मोठे आतडे मलातले पाणी शोषते, आणि मल जितका रेंगाळतो तितका कोरडा होतो.

इसबगोलच्या भुसाचे काम पाणी धरून मल मऊ व भरीव करणे हे आहे. अर्धा कप पाणी त्याला पुरत नाही, उलट त्याचा गोळा होऊन अडथळा येऊ शकतो. मोठा पेलाभर पाण्यासोबत तो घ्यावा, झोपण्याच्या तोंडावर घेऊ नये, आणि रोज घ्यावा, कारण त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. सोनामुखी वेगळ्या तऱ्हेने काम करते : तिच्यातले द्रव्य मोठ्या आतड्यातील जिवाणू फोडतात आणि ते आतड्याला चेतवते, म्हणून रात्री घेतल्यास सकाळी परिणाम होतो. अधूनमधून घेण्यास हरकत नाही, तिची रोजची सवय मात्र नको. कमोडवर बसताना पायांखाली सहा-नऊ इंचांचा पाट ठेवा. गुडघे कंबरेच्या वर आले की गुदाशयाभोवतीचा स्नायूंचा फास सैल होतो आणि मार्ग सरळ होतो. सकाळच्या न्याहारीनंतरची वेळ त्यासाठी राखा, कारण आतड्याची सर्वांत मोठी हालचाल तेव्हा होते.

उरतो रंग आणि त्यामागचा अधिक गंभीर प्रश्न. लोहाच्या गोळ्यांनी मल हिरवट काळा होतो, पण तो घट्ट राहतो. जठरातून किंवा लहान आतड्याच्या आरंभातून रक्त पडत असेल तर मल डांबरासारखा चकचकीत, चिकट आणि उग्र वासाचा होतो. ७१ व्या वर्षी पुरुषाचे हिमोग्लोबिन का कमी झाले, याचा शोध घेतल्याशिवाय नुसत्या गोळ्या देणे मला पटत नाही. त्यात सवयीत बदल झाला आहे, तो गोळ्यांमुळे असण्याचा संभव मोठा असला तरी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून मगच तसे म्हणावे. शौचातील गुप्त रक्ताची तपासणी निर्दोष आली तरी ही दुर्बीण तपासणी टाळू नये, कारण आतड्यात गाठ असली तरी तिच्यातून होणारा रक्तस्राव रोज होत नाही.